आलेच

चहाला उकळी येत होती तेवढ्यात आतल्या खोलीतून टिंग असा आवाज आला. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभा राहिलो. पुन्हा टिंग. मग लागोपाठ तीन-चार वेळा.

ती खोली हेमाची. तिचा कंपनीचा लॅपटॉप तिथे टेबलावर चालू असे आणि तो रोज एकदाच वाजायचा, दुपारी एक वाजता. सकाळी कधी नाही. हेमाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

मी गॅस बंद करून आत गेलो. स्क्रीनवर डाव्या बाजूला तिच्या टीममधल्या माणसांची नावं होती आणि प्रत्येक नावाशेजारी एक ठिपका. जागेवर असलेल्या माणसाचा ठिपका हिरवा. हेमाचा हिरवाच होता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हेमा आधी शाळेत मराठी शिकवायची. पन्नाशीजवळ आल्यावर तिला हिंजवडीतल्या एका परदेशी कंपनीत भाषेचं काम मिळालं. फोनमधून जे यंत्र बोलतं, त्याचं मराठी सुधारायचं. ते म्हणणार, "आजचे हवामान पावसाळी अपेक्षित आहे." ही लिहिणार, "आज पाऊस पडेल, असं म्हण बाबा." टीममध्ये सगळी तिच्याहून लहान. सगळे तिला ताई म्हणायचे.

करोनानंतर तिचं बरंचसं काम घरूनच चाले. माऊस पाच मिनिटं हलला नाही की ठिपका पिवळा व्हायचा आणि पिवळा फार वेळ राहिला की वरून विचारणा. भाजीला फोडणी द्यायला उठली तरी पिवळा. मग त्यांच्यातल्याच निशिकांत सोनटक्के नावाच्या एकाने तिला युक्ती सांगितली. हातातलं काट्याचं घड्याळ टेबलावर ठेवायचं आणि त्याच्या काचेवर माऊस ठेवायचा. सेकंदकाटा फिरतो आणि माऊसच्या पोटातल्या लाल दिव्याला वाटतं, कोणीतरी आपल्याला हलवतंय. माझं एचएमटीचं किल्लीचं घड्याळ होतं. भोसरीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ते कपाटात पडलेलं. ते तिने काढलं. "अहो," मला म्हणाली, "आता तुमचं घड्याळ माझ्या जागी नोकरी करणार."

ऑक्टोबरात एके दिवशी तिला काम करताना घेरी आली. तिने ग्रुपवर लिहिलं, "आलेच." माऊस घड्याळावर ठेवला, पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशीच खाली बसली. मी तिला घेऊन दवाखान्यात पोचलो तेव्हा संपलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत गेलो. घरात माणसं होती, बायका रडत होत्या. आत घड्याळ चालू होतं, माऊस त्याच्यावर, ठिपका हिरवा. आणि तिचा शेवटचा शब्द तसाच होता. आलेच. मी घड्याळ उचललं, किल्ली दिली आणि परत माऊसखाली ठेवलं.

मग रोज देत गेलो. सकाळचा चहा झाला की किल्ली. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. कंपनीचा माणूस लॅपटॉप न्यायला येईल म्हणत होते, तो काही आला नाही. मीही विचारलं नाही.

आणि दुपारी एकचा तो आवाज. तो हेमानेच लावून ठेवलेला होता. ही पोरं जेवायचं विसरतात म्हणून रोज एक वाजता तिच्या नावाने ग्रुपवर आपोआप निरोप जायचा, "जेवलात का?" ती गेल्यावर तो कोणी बंद केला नाही. रोज एक वाजता टिंग व्हायचं, "जेवलात का?" उमटायचं आणि खाली एकेकाचं उत्तर. हो ताई. हो ताई. बसतोय ताई. सगळी माणसं तिच्या दहाव्याला आळंदीला येऊन गेलेली होती. तरी लिहायची. मीही माझा डबा घेऊन तिच्या टेबलाशी बसायचो आणि ते वाचत जेवायचो.

तर त्या सकाळी टिंग झालं आणि मी जाऊन वाचलं.

ऋता नावाच्या मुलीने लिहिलं होतं, "ताई, पहाटे मेल आली. अख्खी टीम काढली. जगभर हजारो लोक काढलेत म्हणे." त्याखाली कोणीतरी, "ताई, तुम्ही सुटलात." मग एकेक जण लिहू लागला. "येतो ताई." "ताई, येते हं." "येतो. सांभाळून असा." सांभाळून असा असं गेलेल्या बाईला लिहिलं होतं. त्यालाही ते कळलं असेल, पण खोडायला वेळ नव्हता. लिहून झालं की थोड्या वेळात त्या माणसाचा ठिपका राखाडी व्हायचा आणि नाव पुसट. जसं कोणी घरभर फिरून एकेक दिवा मालवत यावं.

मी तिच्या खुर्चीत बसलो. आपल्याकडे कोणी येतो म्हणालं की घरातल्याने या म्हणायचं असतं. कोणीच म्हणत नव्हतं. वाय आणि ए दाबलं की "या" उमटतं, एवढं हेमाने मला कधीतरी शिकवलं होतं. मी एका बोटाने ते दाबलं आणि पाठवलं.

पलीकडे कोणीतरी लगेच लिहिलं, "कोण?" मी काही सांगायच्या आत त्याचा ठिपका राखाडी झाला.

मग मी प्रत्येकाला "या" लिहीत गेलो. चहा तसाच राहिला. ऋताचा ठिपका गेला, बाकीचेही गेले. शेवटी त्या नावांमध्ये दोनच हिरवे ठिपके उरले. एक हेमाचा, एक निशिकांतचा. बराच वेळ काही आलं नाही. मी उठणार तेवढ्यात टिंग झालं.

निशिकांतने लिहिलं होतं, "जातो ताई."

मी "या" लिहायला बोट पुढे केलं आणि थांबलो. जातो म्हटल्यावर या म्हणता येत नाही.

हा निशिकांत लातूरकडचा, चाळिशीचा, टीमच्या मशीनचं सगळं बघायचा. हेमा ऑफिसला जायची तेव्हापासून मी त्याला ओळखत होतो. संध्याकाळी मी स्कूटर घेऊन तिला आणायला जायचो आणि तो तिच्या मागोमाग बाहेर येऊन मला म्हणायचा, "दाजी, आमच्या ताईला घेऊन चाललात होय?" हेमाला बहीणभाऊ कोणी नव्हतं, त्यामुळे मला दाजी म्हणणारा तो एकटाच. त्याला पूर्वी उठताना "जातो" म्हणायची सवय होती. हेमाला ते खपत नसे. गेलेल्या माणसाला गेला म्हणतात, जिवंत माणसाने जातो म्हणू नये, एवढं तिचं साधं म्हणणं. तो बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेलेला असला तरी ती त्याला परत बोलवायची. "बस. पुन्हा म्हण." तो खुर्चीवर बसायचा, उठायचा आणि म्हणायचा, "येतो ताई." सगळी टीम हसायची. असं कितीतरी दिवस चाललं होतं. मग त्याची सवय मोडली. तिच्यासमोर त्याने पुन्हा तो शब्द काढला नाही.

मी "थांब" लिहून पाठवलं. उत्तर नाही. त्याचा फोन लावला, तो बंद. मग ऋताला लावला.

ती रडून झालेल्या आवाजात बोलली. निशिकांत ऑफिसातच आहे, म्हणाली. सगळ्यांची खाती बंद करायचं काम त्यालाच दिलंय आणि शेवटी त्याचं स्वतःचं. बाकी कोणाला आत सोडत नाहीत, कार्डच चालत नाही. मी तिला त्याने काय लिहिलंय ते सांगितलं.

"अहो काका," ती म्हणाली, "हल्ली सगळे जातोच म्हणतात."

"तो म्हणत नाही," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, गेटवर फोन करून बघते. मी म्हटलं, कर, मीही निघतो.

निघताना माऊस घड्याळावर ठेवला, दार ओढून घेतलं. हेमाचं ऑफिसचं कार्ड खोलीतच खिळ्याला अडकवलेलं होतं, ते खिशात टाकलं. पहाटेच भरून ठेवलेला डबा सवयीने गाडीच्या हुकला अडकवला. जन्मभर कारखान्यात गेलेला माणूस डब्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

हिंजवडीचा रस्ता त्या वेळेला भरलेला असतो. त्या दिवशीही होता, पण कंपनीच्या गेटशी येणारं-जाणारं कोणी नव्हतं. सिक्युरिटीचे महाडिक मला ओळखायचे. ते म्हणाले, ऋता मॅडमचा फोन आला होता. सोनटक्के साहेब वर काम करतायत, त्यांना त्रास देऊ नका अशी ऑर्डर आहे. तुम्हालाही सोडता येणार नाही, बाबर साहेब, राग मानू नका.

मी वाद घातला नाही. खिशातून हेमाचं कार्ड काढलं आणि मशीनवर टेकवलं.

मशीनचा दिवा हिरवा झाला. छोट्या पडद्यावर तिचा फोटो आला, खाली नाव, हेमलता बाबर. दांडा बाजूला झाला.

महाडिक पडद्याकडे बघत राहिले. ते तिच्या दहाव्याला आले नव्हते, पण त्यांना माहीत होतं.

"सकाळपासून सगळ्यांची कार्डं लाल दाखवतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "हे एकच हिरवं."

मी म्हणालो, "मग जाऊ का?"

"मशीनने सोडलं," ते म्हणाले. "मी अडवणारा कोण. आणि असं करा, साहेबांकडून गच्चीची किल्ली तेवढी आठवणीने आणा. वरचा इंटरनेटचा डबा तपासायचाय म्हणून घेऊन गेलेत."

लिफ्टमध्ये मी गच्चीची किल्ली हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

टीमचा मजला मी एकदाच पाहिला होता, त्यांच्या गणपतीला. तेव्हा गजबज होती. आता दार उघडलं तर आत काळोख. काचांवर जाड पडदे ओढलेले. दुपारची वेळ आणि आत रात्रीसारखं. मी एक पाऊल टाकलं आणि माझ्या डोक्यावरचा दिवा लागला. मला आठवलं, हेमा सांगायची, तिथले दिवे माणूस हलला तरच लागतात, स्वस्थ बसलं की मालवतात. ती वाचत बसली की तिच्यावर अंधार व्हायचा आणि तिला हात वर करून हलवावा लागायचा. शाळेतल्या पोरासारखा, म्हणायची.

मी चालत गेलो तसे माझ्याबरोबर दिवे लागत गेले, ओळीओळीने. मागचे काही वेळाने मालवत होते. खुर्च्यांवर स्वेटर होते, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, कोणाच्या लेकराचा फोटो, एक मनीप्लँट, तिळगुळाची उघडी डबी. माणसं काल संध्याकाळी उठून गेली होती, उद्या यायचं म्हणून. मी निशिकांतला हाक मारली नाही. का कोण जाणे, त्या जागेत मोठ्याने बोलावंसं वाटेना.

अगदी टोकाला एक स्क्रीन उजळलेला दिसला आणि त्याच्यासमोर माणसाची आकृती. तिच्यावर दिवा नव्हता. म्हणजे तो माणूस कितीतरी वेळ हलला नव्हता.

मी जवळ जात होतो. माझे दिवे त्याच्या दिशेने सरकत होते. शेवटून दुसरी ओळ लागली तेव्हा तो न वळता बोलला.

"ताई?"

मी आणखी एक पाऊल टाकलं. शेवटचा दिवा लागला, तो वळला आणि त्याने मला बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दाजी," तो म्हणाला. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन तसाच बसला.

मी शेजारची खुर्ची ओढली. त्याच्या टेबलावर कीबोर्डजवळ एक मोठी पितळी किल्ली होती. मी ती उचलली आणि खिशात घातली. त्याने ते पाहिलं.

"मला वाटलं, ताई येतायत," थोड्या वेळाने तो म्हणाला. "सकाळी ग्रुपवर त्यांच्या नावाने या, या असं यायला लागलं. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग मी जे लिहिलं त्यावर थांब आलं. तेव्हापासून जागचा उठलो नाही. आणि मघाशी इथे दाखवलं, हेमलता बाबर गेटमधून आत आल्या." त्याने स्क्रीनकडे बोट केलं. "मग दार वाजलं, दिवे यायला लागले. वळून बघायची हिंमत होईना."

"या मी लिहिलं," मी म्हणालो. "थांबही मीच लिहिलं."

"तुम्ही," तो म्हणाला. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही.

मग तो सांगत गेला. काल संध्याकाळी त्याला वरून नावं आली. सकाळपासून एकेकाचं खातं बंद करायचं. नाव निवडलं की मशीन विचारतं, खात्री आहे का? 'हो'वर दाबायचं. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं चहा प्यायला, त्यांना एकेक करून हो म्हणत होता. शेवटचं नाव त्याचं स्वतःचं. मी विचारलं, बायकोला सांगितलंस का. नाही म्हणाला.

"ती म्हणेल, जाऊ द्या, होईल काहीतरी. तेच ऐकवत नाही, दाजी. तिने आरडाओरडा केला असता तर सांगितलं असतं."

"मग जातो कशाला लिहिलंस?"

"चुकून."

"चुकून नाही."

तो खाली बघत राहिला. आम्ही दोघे इतके स्वस्थ बसलो होतो की दिवा मालवला. अंधारात स्क्रीनचा उजेड तेवढा त्याच्या तोंडावर. मला बोलायला फारसं येत नाही. धीर कसा देतात ते हेमाला माहीत होतं. मला तिचं एकच वाक्य आठवलं.

"बस," मी म्हणालो. "पुन्हा म्हण."

तो बसलेलाच होता. त्याची मान आणखी खाली गेली आणि खांदे हलू लागले. खांदे हलले तसा आमच्या डोक्यावरचा दिवा लागला. तो रडत होता तोवर दिवा चालू राहिला. मी त्याला रडू दिलं.

तो शब्द मात्र त्याच्या तोंडून येईना. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

आणि तेव्हा टिंग झालं. एक वाजला होता.

त्याच्या स्क्रीनवर तो ग्रुप उघडा होता. पुसट नावांची रांग आणि त्यात दोन हिरवे ठिपके. हेमाच्या नावाखाली नवी ओळ आली होती. जेवलात का?

आम्ही दोघेही तिकडे बघत होतो. खाली कोणाचंच उत्तर येत नव्हतं. रोज येणारी ती हो ताई, हो ताई, एकही नाही.

मी डबा उघडला. भाकरी, चवळीची उसळ, लसणीची चटणी. मला अजून एकट्यापुरतं करता येत नाही, दोघांचंच होतं. मी भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, भूक नाही. मी म्हटलं, तिला खोटं लिहिणार आहेस का. मग त्याने घास घेतला. दुसरा घेतला. अर्धी भाकरी संपल्यावर माझ्या वाटणीकडे बघत म्हणाला, "दाजी, तिखट फार करता तुम्ही. ताईंचा डबा असा नसायचा."

"तिचा डबा मीच करायचो," मी म्हणालो. "तुला आज कळलं."

तो हसला. तोंडात घास होता आणि डोळे ओले. चटणीचा हात पँटीला पुसून त्याने लिहिलं, "हो ताई."

मला जे विचारायचं होतं ते मी त्याला तेव्हा विचारलं. सगळ्यांची कार्डं लाल आणि हिचंच हिरवं कसं? गेलेल्या माणसाचं खातं चालू कसं?

तो ताटाऐवजी घेतलेलं डब्याचं झाकण पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"ताईंचं मी ऑक्टोबरातच बंद करायला हवं होतं," तो म्हणाला. "लॅपटॉपही परत मागवायला हवा होता. माझंच काम ते. दोन-तीनदा वरून विचारलं, मी म्हटलं, करतो. मग ते विसरले. आज आलेल्या नावांतही ताई नाहीत. त्यांच्या हिशेबी त्या नाहीतच."

"का नाही केलंस?"

"त्या आलेच म्हणाल्या होत्या ना," तो म्हणाला.

माझ्या घरात बसून मी रोज किल्ली देत होतो आणि इकडे हा तिचं नाव राखत होता, त्याच एका शब्दावर. दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही.

"संध्याकाळी वरून सगळंच बंद करणार आहेत," तो म्हणाला. "मग कोणाला विचारणार नाहीत. काय करू, दाजी?"

"तुझ्या हाताने कर. परक्याच्या हाताने नको," मी म्हणालो. "पण आधी निरोप घे. नीट घे."

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. बराच वेळ बोटं नुसती ठेवली. मग लिहिलं, "येतो ताई." लिहून झाल्यावर ते तोंडानेही म्हणाला, हळूच. हेमाचा ठिपका हिरवा होता. आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत होतो, जणू काही उत्तर यायचं होतं.

"या," मी म्हणालो. तिच्या वतीने म्हणायला तिथे मीच होतो.

त्याने तिचं नाव निवडलं. मशीनने विचारलं, खात्री आहे का? त्याचा हात पुढे होईना. मी त्याचा हात बाजूला केला आणि 'हो'वर स्वतः दाबलं. ठिपका राखाडी झाला. मग त्याने स्वतःचं नाव निवडलं आणि माझ्याकडे न बघता दाबलं. स्क्रीन काळा झाला. त्याच वेळी डोक्यावरचा दिवाही मालवला. आम्ही दोघांनी अंधारात हात वर करून हलवले, आणि दिवा लागल्यावर एकमेकांचे वर केलेले हात दिसले.

परत निघालो तेव्हा आमच्या मागे दिवे एकेक ओळ मालवत आले. तो मागे वळून बघत नव्हता. मी एकदा बघितलं.

गेटवर महाडिकांच्या हातात किल्ली दिली. बाहेर पडायला हेमाचं कार्ड लावलं तर दिवा लाल झाला. महाडिकांनी हाताने दांडा उचलला. "आता लाल दाखवतंय," एवढंच म्हणाले. निशिकांतने फोन चालू केला, तिथेच उभं राहून बायकोला लावला. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, बाजूला गाडीशी जाऊन थांबलो. त्याला मागे बसवून घरी सोडलं. बायको खाली येऊन उभी होती. तिने माझ्या पाया पडायला वाकावं असं मी काही केलं नव्हतं, तसं तिला सांगितलं. जिना चढताना तो वळून म्हणाला, "येतो दाजी." मी म्हणालो, "ये."

त्याला आता तीन वर्षं होतील. निशिकांत लातूरला असतो, एका कॉलेजात कॉम्प्युटरचं बघतो. पगार पूर्वीच्या निम्माही नाही, असं त्याची बायको हसून सांगते. दुपारी एकच्या सुमाराला त्याचा फोन येतो. दाजी, जेवलात का? मी हो म्हणतो. फार बोलत नाही आम्ही. सगळं त्याला माहीत आहे, एक सोडून. ते मी त्याला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. स्वयंपाकघरात सकाळचा चहा पातेल्यात तसाच होता, वर साय आलेली. आतल्या खोलीचं दार मी ओढून गेलो होतो तसंच होतं. लॅपटॉप काळा पडला होता. माऊस घड्याळावर होता, पोटातला लाल दिवा विझलेला. मी माऊस बाजूला केला आणि घड्याळ उचललं.

ते बंद होतं. सकाळी चहा झालाच नाही, आवाज ऐकून मी तसाच आत आलो, आणि किल्ली द्यायची राहून गेली होती. काटे पावणेबारावर थांबले होते. त्या वेळी मी हिंजवडीच्या रस्त्यावर होतो.

एक वाजता ठिपका हिरवा होता. आम्ही दोघांनी बघितला. त्यानंतरही, निशिकांत लिहीत होता तोवर, हिरवाच होता.

मी घर बघितलं. दारं, खिडक्या, कड्या. सगळं बंद होतं. मग घड्याळाला किल्ली दिली, कानाला लावून ऐकलं आणि मनगटावर बांधलं. खुर्ची टेबलाखाली सरकवली, वायर काढून गुंडाळली. दारापर्यंत आलो आणि म्हणालो, "येतो."

आणि थोडा वेळ तिथेच थांबलो.